रेकॉर्ड हायकोर्टात जातं तेव्हा

सरकारी आदेशाला हायकोर्टात आव्हान देणाऱ्या रिट याचिकेची प्रत टेबलावर आली की बहुतेक जण पहिल्या पानापासून वाचायला लागतात. आम्ही महसूल कार्यालयातले लोक शेवटून सुरुवात करतो. विनंतीची कलमं शेवटी असतात, आणि नेमका कोणता आदेश, कोणत्या तारखेचा, कोणत्या क्रमांकाचा रद्द करून मागितलाय ते तिथेच कळतं. पुणे जिल्ह्यातल्या जमिनींच्या प्रकरणांत एकाच याचिकेत तीन-चार आदेशांना आव्हान असणं नेहमीचं आहे: तक्रारी फेरफारावर (म्हणजे हरकत आलेल्या हक्कनोंदीच्या बदलावर) मंडळ अधिकाऱ्यांचा, त्यावर अपिलात प्रांतांचा (उपविभागीय अधिकाऱ्यांचा), दुसऱ्या अपिलात अपर जिल्हाधिकाऱ्यांचा आणि फेरतपासणीत अपर आयुक्तांचा. म्हणजे कोर्टाला हवं असलेलं रेकॉर्ड एका कपाटात नाही, ते चार कार्यालयांत विखुरलेलं आहे.

अपील चालू असताना खालचं रेकॉर्ड वर मागवलं जातं. निकाल लागल्यावर ते खाली परत जायला हवं. ते खरंच गेलं का, हा पहिला शोध. जावक नोंदवहीत आदेशाची प्रत खाली पाठवल्याची नोंद सापडते; पण ‘सोबत मूळ रेकॉर्ड, पाने इतकी’ हे शब्द त्यात नसतील तर रेकॉर्ड गेलं असं समजू नये. तहसील म्हणतं प्रांतांकडे आहे, प्रांत म्हणतात तहसीलला पाठवलं, आणि पत्रापत्रीत तारीख जवळ येते. स्मरणपत्रांनी हे सुटत नाही. दोन्ही कार्यालयांच्या बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक शाखेतला, माणूस आपापली नोंदवही घेऊन एका टेबलाशी बसला, की तासाभरात उलगडा होतो.

रेकॉर्ड कुठे पाठवायचं, हेही आता बघून ठरवावं लागतं. पुणे जिल्ह्याच्या याचिका पूर्वीसारख्याच मुंबईत, मुख्य पीठाच्या अपील शाखेकडे जातात. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे तिकडे गेले. पुणे विभागीय आयुक्तालयाखाली पाच जिल्हे येतात. त्यातल्या पुण्याचं रेकॉर्ड मुंबईला आणि बाकी चारांचं कोल्हापूरला. कौन्सिल हॉलच्या आवारातल्या आयुक्तालयाच्या एकाच अभिलेख कक्षातून निघणारे गठ्ठे आता दोन दिशांना जातात. सवयीने मुंबईला पाठवून देण्याआधी याचिकेच्या शीर्षावर कोणतं पीठ लिहिलंय ते वाचावं.

दुसरं काम त्याच दिवशी व्हायला हवं, ते म्हणजे फाईल गोठवणं. ज्या संचिकेवर निर्णय झाला तिच्यात त्या क्षणापासून एकही नवा कागद जाता कामा नये. याचिकेची प्रत, सरकारी वकिलांची पत्रं, त्यांना दिलेली उत्तरं, याचिकेच्या एकेका परिच्छेदाला द्यायच्या उत्तरांचे, म्हणजे परिच्छेदनिहाय शेऱ्यांचे, मसुदे यांच्यासाठी वेगळी न्यायालयीन संचिका उघडायची. बऱ्याच कार्यालयांत हे सगळं मूळ संचिकेतच वरून लावत जातात. मग कोर्टाने मूळ रेकॉर्ड बघायला मागितलं, की वकिलाला लिहिलेलं ‘या मुद्द्यावर आपली बाजू कमकुवत आहे’ हे गोपनीय पत्रही रेकॉर्डसोबत मुंबईला जातं. त्याहून वाईट म्हणजे निर्णय देताना अधिकाऱ्यासमोर काय होतं आणि नंतर काय आलं, याची सीमारेषाच पुसली जाते. कोर्टाला बघायचं असतं ते निर्णयाच्या दिवशीचं चित्र. त्यात भर घालायची नाही, त्यातून काढायचं नाही. लावायचं मात्र नीट.

लावायला सुरुवात आदेशावरूनच करावी. सरकारी आदेशाच्या माथ्यावर ‘वाचले’ म्हणून संदर्भांची यादी असते. तिची एक छायाप्रत काढायची, पेन्सिल घ्यायची, आणि प्रत्येक संदर्भासमोर तो कागद संचिकेत कोणत्या पानावर आहे ते लिहीत जायचं. मूळ अर्ज, त्याची सहपत्रं, तहसीलदारांचा अहवाल, स्थळपाहणीचा पंचनामा, प्रतिवादींचं म्हणणं, लेखी युक्तिवाद. हे साधं काम अर्ध्याहून जास्त दुखणी बाहेर काढतं. संदर्भ ४ मधला अहवाल संचिकेत नाही. किंवा आहे, पण त्याच्यावरचा आवक शिक्का सुनावणी बंद झाल्यानंतरचा आहे, म्हणजे तो अहवाल पक्षकारांनी पाहिलेलाच नाही. किंवा संदर्भ ६ म्हणून ज्या परिपत्रकाचा आधार घेतलाय त्याची तारीख आदेशात एक आणि प्रत्यक्ष प्रतीवर दुसरी आहे. असं काही सापडलं तर ते झाकायचं नसतं. सरकारी वकिलांना पहिल्याच भेटीत सांगायचं. त्यांना ते कोर्टात उभं असताना समोरच्या वकिलाच्या तोंडून कळलं, तर त्या दिवसापासून त्या कार्यालयाच्या कुठल्याच कागदावर ते विश्वास ठेवत नाहीत.

माथा झाला की आदेशाच्या मजकुराकडे वळायचं. ‘अपिलार्थी वारंवार संधी देऊनही गैरहजर राहिले’ असं वाक्य असेल तर ती संधी कोणत्या तारखांना दिली, नोटीस कोणत्या पानावर, तामील (नोटीस पोचवल्याचा अहवाल) कोणत्या पानावर, हे समोर लिहायचं. आदेशातला परिच्छेद आणि संचिकेतलं पान असा दोन रकान्यांचा तक्ता तयार होतो. तो कोर्टात दाखल होत नाही, पण सरकारी वकिलांच्या हातात तो असला की ‘कुठे आहे हे?’ या न्यायमूर्तींच्या प्रश्नाला पाने उलटत बसावं लागत नाही.

आता तामिलीचा कागद, कारण सगळ्यात जास्त आदेश याच एका कागदावर कोसळतात. नोटिशीच्या कार्यालयीन प्रतीच्या पाठीमागे शिपायाने किंवा कोतवालाने लिहिलेला अहवाल असतो: ‘सदर इसम घरी मिळून आले नाहीत, घर बंद, सबब नोटीस दर्शनी दरवाजावर डकवली.’ खाली दोन पंचांच्या सह्या. या चार ओळींत पाच गोष्टी बघायच्या. डकवल्याची तारीख आहे का. ती सुनावणीच्या तारखेच्या पुरेशी आधी आहे का. सुनावणी सकाळी अकराला आणि डकवणं त्याच दिवशी, असे कागदही संचिकांत असतात. पंचांची नुसती सही आहे की नाव, वय, राहण्याचं ठिकाणही आहे. पत्ता कोणता; याचिकाकर्ता कोथरूडला राहतो आणि नोटीस मुळशीतल्या गावच्या पडक्या घरावर लागलीय का. आणि डकवण्याआधी हातोहात देण्याचा किंवा टपालाने पाठवण्याचा प्रयत्न झाल्याचं कुठे दिसतं का. टपालाचं असेल तर पोहोचकार्ड. हे कार्ड लहान असतं, ते नोटिशीला टाचणीने लावलेलं असतं आणि पाचव्या झेरॉक्सच्या वेळी ते गळून पडतं. ते कोऱ्या ए-४ कागदावर चारी बाजूंनी चिकटवायचं, पण मागचा मजकूर झाकला जाणार असेल तर आधी त्याची छायाप्रत काढून पुढच्या पानावर लावायची. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यानंतरच्या नोटिशींचा टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचा बटवड्याचा तपशील लगेच छापून ठेवावा, कारण तो तिथे कायमचा राहत नाही.

रोजनामा हा दुसरा कागद. अर्धन्यायिक प्रकरणात, म्हणजे अधिकारी न्यायाधीशासारखा दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो तिथे, प्रत्येक तारखेला काय झालं, कोण हजर, कोणी मुदत मागितली, पुढची तारीख काय, हे त्यात येतं आणि हजर असलेल्यांच्या सह्या असतात. तो नीट असेल तर आदेशाची निम्मी लढाई जिंकलेली असते. बिघडतं ते असं: मधल्या दोन तारखांची नोंदच नाही, ‘साहेब दौऱ्यावर, पुढील तारीख’ असं लिहिलंय पण पुढची तारीख पक्षकारांना कळवल्याचा पुरावा नाही, प्रकरण निकालासाठी बंद केल्याची नोंद नाही. सर्वांत गंभीर प्रकार बदलीचा. युक्तिवाद एका अधिकाऱ्याने ऐकला, त्यांची बदली झाली, आणि नव्या अधिकाऱ्याने पुन्हा न ऐकता आदेश काढला. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात चुकीची ठरवली आहे. रोजनाम्यावरच्या सह्या आणि अधिकाऱ्याच्या पदभार हस्तांतरणाची तारीख शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं. ते दिसलं, तर लढत बसण्यापेक्षा फेरसुनावणीसाठी प्रकरण परत यायला आपली हरकत नाही असं वरिष्ठांच्या मान्यतेने सरकारी वकिलांना कळवणं जास्त शहाणपणाचं.

मुदतीचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवसांत आणि इतर बाबतीत ९० दिवसांत अपील करायचं असतं. फेरफार मंजूर झाल्यावर पंधरा-वीस वर्षांनी दाखल झालेली अपिलं आपल्याकडे भरपूर. तेव्हा विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं आणि त्यावरचा आदेश हे तिन्ही कागद रेकॉर्डात वेगळे दिसायला हवेत. मुख्य आदेशाच्या शेवटी एका ओळीत ‘विलंब माफ करण्यात येत आहे’ एवढंच असेल, तर गुणवत्तेवर आदेश कितीही चांगला असो, पहिला हल्ला त्या ओळीवर होतो.

पृष्ठांकनाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण ते शिपायाचं काम समजलं जातं आणि आरोप मात्र अधिकाऱ्यावर येतात. संचिकेत टिपणी भाग (कार्यालयातल्या अंतर्गत नोंदी आणि अभिप्राय) आणि पत्रव्यवहार भाग वेगळे असतात, त्यांचे क्रमांकही वेगळे चालतात. हायकोर्टात जाणाऱ्या बहुतेक प्रकरणांत याचिकाकर्त्याने माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली टिपणीसह संचिकेच्या प्रती आधीच घेतलेल्या असतात आणि त्या याचिकेला जोडलेल्या असतात. त्या प्रतींवर जुने पृष्ठ क्रमांक दिसतात. आता आपण व्यवस्थितपणाच्या भरात जुने क्रमांक खोडून नवे घातले, तर याचिकेतलं पान ३७ आपल्याकडे ५२ होतं, आणि ‘मध्ये पंधरा पानं घुसवली’ असा आरोप करायला समोरच्याला आयतं साधन मिळतं. म्हणून जुना क्रमांक जसा आहे तसा ठेवायचा, चुकीचा असला तरी, दुबार असला तरी. नवा सलग क्रमांक खाली उजव्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाने द्यायचा, आणि संचिकेच्या शेवटी एक प्रमाणपत्र लावायचं: कोणत्या दिनांकाला, कोणी, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत फेरपृष्ठांकन केलं, आणि जुने क्रमांक कायम ठेवले आहेत. लिहिलेली प्रत्येक बाजू मोजायची. मागची बाजू कोरी असेल तर तिच्यावर ‘कोरे’ लिहून आडवी रेघ मारायची. टिपणीच्या पानावर सहीखाली अर्धं पान मोकळं सुटलेलं असेल तर तिथे आता रेघ मारू नये. ते जसं निर्णयाच्या दिवशी होतं तसंच जाऊ द्यावं. ती रेघ ज्याने टिपणी लिहिली त्याने त्याच दिवशी मारायची होती.

बांधकाम परवानगीच्या प्रकरणात नकाशे असतात. मोठ्या नकाशाची घडी अशी घालायची की उजवीकडचा खालचा कोपरा, जिथे मंजुरीचा शिक्का आणि क्रमांक असतो, वर दिसेल. नकाशा म्हणजे एकच पान, कितीही घड्या असोत. त्याचे ए-४ वर तुकडे करून काढलेले झेरॉक्स जोडून ‘नकाशा जोडला’ म्हणणं म्हणजे कोर्टाची आणि आपली दोघांचीही करमणूक.

अनुक्रमणिकेत कागदाचं वर्णन, दिनांक, कोणाकडून आला, पानं, आणि तो मूळ आहे, सत्यप्रत आहे की नुसती छायाप्रत, हे सगळं हवं. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि नेमकी गरज त्याचीच असते. एखादा कागद संचिकेत नाही तर ‘आढळून आला नाही’ असं स्पष्ट लिहायचं. पक्षकाराकडून किंवा खालच्या कार्यालयातून त्याची प्रत मिळवून गुपचूप त्या जागी लावणं हा शुद्ध घात आहे. शाई वेगळी, भोकांची जागा वेगळी, आणि माहिती अधिकारातल्या प्रतीत ते पानच नाही. मिळवलेली प्रत शेवटी स्वतंत्र भागात लावायची, ती कुठून, कोणत्या पत्राने आली ते लिहून.

अख्खी संचिकाच सापडत नाही असंही होतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरच्या संचिका जळाल्या. त्यानंतर अनेक प्रकरणांची पुनर्बांधणी क्षेत्रीय कार्यालयांतल्या प्रतींवरूनच करावी लागली. पुनर्बांधणीची रीत तीच आहे: ज्या ज्या कार्यालयाला प्रत गेली असेल तिथून ती मागवायची, पक्षकारांकडून सहीशिक्क्याच्या प्रती घ्यायच्या, आवक-जावक नोंदवह्यांचे उतारे काढायचे, आणि काय मिळालं, काय नाही याचं शपथपत्र करायचं. आगीशिवाय हरवलेल्या संचिकांचं कारण मात्र बहुधा साधं असतं. महसूल अभिलेखांचं वर्गीकरण अ, ब, क, क-१ आणि ड असं आहे: अ कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच वर्षं आणि ड एक वर्ष. वर्ग चुकीचा पडला की संचिका वेळेआधी नष्ट करायच्या गठ्ठ्यात जाते. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे प्रलंबित कामं संपवण्याची, मोहीम झाली, कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत विभागणाऱ्या सहा गठ्ठा पद्धतीने दप्तरं लावली गेली, कार्यालयं मोकळी झाली. ते काम चांगलंच झालं. पण अशा कुठल्याही मोहिमेत ज्या संचिकेच्या वेष्टनावर ‘न्यायप्रविष्ट’ असं ठळक लिहिलेलं नसतं तिला कोणी वेगळी ठेवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ असल्यामुळे अभिलेख मनाला येईल तसा नष्ट करता येत नाही. ‘निर्लेखनात (रीतसर नष्ट करण्यात) गेली असावी’ हे उत्तर हायकोर्टात टिकत नाही, निर्लेखनाची यादी दाखवावी लागते.

टिपणी भाग कोर्टाला द्यायचा का, हा नेहमीचा प्रश्न. शपथपत्राला तो सहसा जोडत नाहीत, पण कोर्टाने मूळ संचिका मागितली की टिपणीसकट द्यायची. विशेषाधिकार सांगून कागद अडवायचा मार्ग कायद्यात आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम १२३ म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२९. पण त्यासाठी विभागप्रमुखाने स्वतः विचार करून शपथपत्र करावं लागतं, आणि १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालापासून कोर्ट असे दावे सहज मानत नाही. सातबाऱ्याच्या प्रकरणात असा दावा करणं हास्यास्पद दिसतं. उलट टिपणीवर फार भिस्तही ठेवू नये. टिपणीत ‘मंजूर’ लिहिलं म्हणजे आदेश झाला असं नाही. तो रीतसर निघून संबंधिताला कळवला जाईपर्यंत ती कार्यालयातली विचारप्रक्रिया असते, हे बच्चित्तर सिंग प्रकरणात १९६२ सालीच स्पष्ट झालं आहे. अर्धन्यायिक प्रकरणात खरं दुखणं वेगळंच असतं: अव्वल कारकुनाने गुणवत्तेवर टिपणी लिहिलेली असते, ‘सबब अपील फेटाळणे योग्य वाटते’, आणि खाली साहेबांची नुसती सही. तो कागद बघितल्यावर निर्णय कोणी दिला हा प्रश्न कोणीही विचारणार.

ई-ऑफिस या सरकारी संगणक प्रणालीतल्या संचिकांना वेगळे नियम आहेत. पिवळी नोट हा मसुदा असतो, तो काढून टाकता येतो. हिरवी नोट पक्की होते. छापताना फक्त हिरवा भाग येतो, त्यामुळे कोणी काही ‘आठवणीतून’ सांगत असेल तर ते रेकॉर्ड नव्हे. आदेशावर तीन तारखा असू शकतात: मजकुरातली, डिजिटल सहीची आणि जावकची. समजा आदेशावर १४ मार्च आणि डिजिटल सही २ ऑगस्टची, तर याचा खुलासा शपथपत्रात आपणहून द्यावा लागतो. छापील प्रत पुरावा म्हणून द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. अनुसूचीतल्या नमुन्याचे भाग अ आणि भाग ब दोन्ही भरायचे, दुसरा भाग तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य (फाईलमधून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण) लिहायचं. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा जुना नमुना अजूनही कार्यालयांच्या संगणकांवर फिरतो. १ जुलै २०२४ नंतर तो चालवू नये.

मग परिच्छेदनिहाय शेरे, ज्यांना सगळेच पॅरावाईज म्हणतात. प्रत्येक परिच्छेदासमोर ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अभिलेखाचा भाग’ आणि पान क्रमांक. ‘याचिकाकर्त्याचे म्हणणे खोटे व दिशाभूल करणारे आहे’ अशी वाक्यं लिहिण्यात वेळ घालवू नये. सरकारी वकील ती खोडतात. इथे सर्वांत मोठा मोह असतो तो आदेशात राहून गेलेलं कारण शेऱ्यांत घालण्याचा. तो मोह आवरायचं कारण आपल्या मुंबई राज्यातच तयार झालं आहे. अंधेरीतल्या एका सिनेमागृहाची परवानगी पोलीस आयुक्तांनी रद्द केली होती, आणि त्या आदेशामागचा विचार कोणाचा होता हे नंतर समजावून सांगितलं जात होतं. १९५१ च्या गोर्धनदास भानजी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांतूनच लावायचा, अधिकाऱ्याच्या मागाहूनच्या खुलाशातून नाही. १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालाने तेच पुढे नेलं: आदेश ज्या कारणांवर उभा आहे त्याच कारणांवर त्याची परीक्षा, शपथपत्रातून नवी कारणं पुरवता येत नाहीत. म्हणून शेऱ्यांत कारण लिहायचं तर ते आदेशाच्या कोणत्या परिच्छेदात आहे ते सांगता आलं पाहिजे. रेकॉर्डात आहे पण आदेशात नाही, अशी गोष्ट असेल तर ती वकिलांना तोंडी सांगावी आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा.

दोन खासगी पक्षांच्या वादात अधिकारी न्यायनिवाडा करणारा म्हणून बसला असेल, तर त्याने नंतर एका बाजूने उतरून आपलाच आदेश लढवण्याचं कारण नसतं. रेकॉर्ड सादर करायचं, आदेश बोलेल. वारसाच्या नोंदीत हे लागू; शर्तभंगाच्या किंवा अनधिकृत उत्खननाच्या दंडात शासन स्वतः पक्षकार असतं, तिथे शपथपत्र सविस्तरच हवं, आणि ते ज्याने सही करायची त्याने वाचलेलं हवं. प्रांतांच्या नावाचं शपथपत्र नायब तहसीलदारांनी मुंबईला जाऊन करून येणं चालतं, पण मग ‘अभिलेखावरून मला माहीत आहे’ असंच लिहावं, ‘माझ्या वैयक्तिक माहितीप्रमाणे’ नाही.

भाषांतराबद्दल थोडक्यात. रेकॉर्ड मराठीत, कोर्टाचं काम इंग्रजीत. महत्त्वाच्या कागदांचं भाषांतर मूळ कागदाच्या शेजारी लावावं, परिच्छेदांचे क्रमांक तेच ठेवावेत. फेरफाराची नोंद, आदेश, पंचनामा एवढं पुरतं. मोडी कागद असेल तर लिप्यंतर करणाऱ्याची सही आणि भाषांतर करणाऱ्याची सही वेगवेगळी घ्यावी. सत्यप्रतीवर नुसता ‘खरी नक्कल’ शिक्का पुरत नाही. खाली दिनांक, नाव, पदनाम आणि कार्यालयाची मोहोर हवी, आणि शिक्का सहीवर उमटवून दोन्ही वाचता येणार नाही असं करू नये.

मुंबईला मूळ रेकॉर्ड नेण्याआधी पूर्ण स्कॅन करायचं, ३०० डीपीआयला, नकाशे रंगीत, मागच्या बाजूंसकट. एक संच कार्यालयात, एक सरकारी वकिलांना, आणि मूळ कापडात बांधून मोहोरबंद. ज्याला संचिका माहीत आहे अशा कारकुनालाच पाठवावं. नुसत्या हमालीला कोणालाही पाठवलं तर ‘पान १४१ कुठे आहे’ विचारल्यावर तो पुण्याला फोन लावतो. डेक्कन क्वीन ७.१५ ला निघून कोर्टाच्या सकाळच्या बोर्डाला (त्या दिवशीच्या सुनावण्यांना) वेळेत पोचवते, पण तारीख महत्त्वाची असेल तर आदल्या दिवशीच जाऊन वकिलांसोबत एकदा संचिका उलटून बघावी. देताना पोहोच दोन प्रतींत: संचिकांची संख्या, प्रत्येकीची पानं, मोहोर शाबूत. कोर्टाने रेकॉर्ड ठेवून घेतलं तर ते त्या दिवशीच्या आदेशात आलंय का बघायचं. नसेल तर वकिलांना तसं नमूद करून घ्यायला सांगायचं, नाहीतर पुढे रेकॉर्ड शोधायला कुठलाच कागद उरत नाही.

निकाल लागला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रेकॉर्ड तिकडेच राहतं. आदेश रद्द होऊन फेरसुनावणीला आला असेल तर कोर्टाने आठ किंवा बारा आठवड्यांची मुदत घातलेली असते, आणि ती रेकॉर्ड परत येईपर्यंत थांबत नाही. म्हणून निकालाच्या प्रतीसोबतच रेकॉर्ड परत मिळण्याचं पत्र जायला हवं. परत आल्यावर पाने पोहोचेशी ताडून बघायची, खालच्या कार्यालयांचा भाग त्यांना पानांच्या संख्येसह परत करायचा आणि त्यांची पोहोच न्यायालयीन संचिकेत लावायची. ‘न्यायप्रविष्ट’ ही खूण लगेच काढायची नाही. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस असतात, आणि विलंब माफीच्या अर्जासह त्यानंतरही याचिका येतात. अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत निकालाची तारीख लिहून ठेवावी आणि वर्गीकरणाची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजावी.